विळ्याच्या पेशी आणि अडलेले रक्त

आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांस नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे; रक्ताच्या आजारावरील औषधांचा इतिहास सांगण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही. शाळाही आमची लवकर सुटली आणि जे काही वाचन घडले ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून घडले. परंतु विदर्भात कामगारांची संघटना बांधावयाची म्हणजे हजेरीपटाशी रोज गाठ पडते. आणि हजेरीपटावरील खाड्यांचे कारण शोधीत गेले की माणूस कधी दारूच्या गुत्त्यापर्यंत पोचतो, कधी सावकाराच्या ओट्यापर्यंत, आणि आमच्या भागात पुष्कळदा सिकलसेलपर्यंत. म्हणून हा विषय.

आजार असा आहे. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी चकतीसारख्या वाटोळ्या आणि मऊ असतात. स्वतःच्या रुंदीहून अरुंद अशा केशवाहिनीतूनही त्या अंग मुडपून पार होतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन फुप्फुसांत प्राणवायू उचलते आणि अवयवांस नेऊन देते. सिकलसेलच्या रोग्यात प्राणवायू देऊन टाकल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते, त्याचे लांब दोर वळले जातात, पेशी ताठर होते आणि विळ्याचा आकार घेते. असे विळे बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. पुढचा भाग प्राणवायूवाचून उपाशी राहतो. मग हाडांत, पाठीत, छातीत, पोटात अशा वेदना उठतात की धट्टाकट्टा गडी जमिनीवर लोळतो. आई आणि बाप या दोघांकडून सदोष जनुक आले तर हा रोग होतो; एकाकडूनच आले तर माणूस केवळ वाहक असतो, आणि वाहक बहुधा ठणठणीत असतो. रोगी आणि वाहक यांतला हा भेद कृपा करून ध्यानात ठेवावा, कारण तो ज्यांनी ठेवावयास हवा होता त्यांनी ठेवला नाही, हे पुढे येईलच.

डिसेंबर १९०४ मध्ये शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा वीस वर्षांचा तरुण दाखल झाला. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यकी शिकावयास आला होता. खोकला होता, ताप होता, पायांवर जखमांचे वण होते. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यास लांबट, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी पुढे अडीच वर्षे या रोग्यावर नजर ठेवली आणि १९१० साली त्याविषयी लेख लिहिला. सिकलसेलवरचा वैद्यकशास्त्रातील हा पहिला लेख. नोएल तोवर पदवी घेऊन मायदेशी परतला होता. सेंट जॉर्जेस गावी त्याने दवाखाना थाटला, लोकांचे दात काढले, आणि १९१६ मध्ये फुप्फुसाच्या आजाराने वयाच्या ३२ व्या वर्षी तो वारला. लेखात त्याचे नाव नव्हते. ते फार उशिरा जुन्या कागदपत्रांतून शोधून काढले गेले. रोगाला ‘सिकलसेल ॲनिमिया’ हे नाव १९२२ मध्ये मेसन यांनी दिले.

आता रक्त अडते का, या प्रश्नाकडे वळू. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी या दोघांनी असे दाखविले की प्राणवायू कमी केला की पेशींचे विळे होतात आणि प्राणवायू परत दिला की पुष्कळसे विळे पुन्हा चकत्या होतात. म्हणजे वाकडे झालेले सरळ होऊ शकते! औषधाची आशा खरी या प्रयोगात आहे. पुढे १९४० मध्ये बोस्टनच्या हॅम आणि कॅसल यांनी याहून महत्त्वाची गोष्ट मांडली. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाचे एकच दार उघडे आहे असे समजा. दोघे चौघे दारात अडतात, मागचे रेटतात, रेटारेटीने दारातले अधिकच घट्ट बसतात. रक्ताचे तसेच होते. काही पेशी विळ्या झाल्या की रक्त दाट होते; दाट झाले की ते मंद वाहते; मंद वाहिले की पेशी प्राणवायूवाचून अधिक वेळ राहतात; आणि मग आणखी विळे होतात. कारणातून कार्य आणि त्या कार्यातून पुन्हा तेच कारण, असे हे चक्र आहे. रक्ताचा वेग कसाही करून राखला तर चक्र तुटेल, हा विचार तेव्हापासून औषधे शोधणाऱ्यांच्या मनात घर करून बसला.

याच कॅसल यांनी १९४५ मध्ये आगगाडीच्या प्रवासात लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाशी या रोगाविषयी गप्पा मारल्या. दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच असावा हे पॉलिंग यांनी ओळखले, आणि १९४९ मध्ये ते सिद्ध झाले. कीर्ती पॉलिंग यांची झाली. प्रयोगाचे कष्ट मुख्यतः हार्वी इटानो या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याचे. महायुद्धात केवळ जपानी वंशाचा म्हणून अमेरिकेच्या सरकारने ज्याला छावणीत कोंडले होते, तोच हा इटानो. पुढे १९५६-५७ मध्ये इंग्राम यांनी दोष नेमका कोठे आहे हे दाखविले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येऊन बसते. एवढाच फरक!

रोगाचे मूळ सापडले. औषध मात्र सापडले नाही. १९५० ते १९७० या वीस वर्षांत हाती येईल ते वापरून पाहिले गेले. रक्तवाहिन्या सैलावणारी औषधे दिली, रक्त गोठू न देणारी दिली, रक्तातील आम्लता घटावी म्हणून खाण्याचा सोडा दिला, शिरेतून डेक्स्ट्रान चढविले. कोठे चार रोग्यांस गुण आला, कोठे आला नाही. पद्धतशीर तुलना क्वचितच झाली. या काळाविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

परंतु पैसा का नव्हता, हे सांगण्यासारखे आहे. १९७० मध्ये रॉबर्ट स्कॉट या डॉक्टराने अमेरिकी वैद्यक संघाच्या नियतकालिकात साधा हिशेब मांडला. १९६७ साली त्या देशात सिकलसेलचे अंदाजे ११५५ नवे रोगी जन्मले आणि सिस्टिक फायब्रोसिस या दुसऱ्या आनुवंशिक रोगाचे १२०६. संख्या जवळजवळ सारखी. पण दुसऱ्या रोगासाठी लोकांनी १९ लाख डॉलर वर्गणी जमविली आणि सिकलसेलसाठी एक लाखही नाही. दुसरा रोग मुख्यतः गोऱ्यांचा, हा काळ्यांचा. याहून वेगळे स्पष्टीकरण आम्हांस सुचत नाही. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने वस्त्यावस्त्यांतून फुकट रक्ततपासणी सुरू केली. १९७२ च्या मे महिन्यात अध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेलविषयक कायद्यावर सही केली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. नाव तिकडून आले हे सर्वांना ठाऊक आहे. पण ज्यांच्यापासून नाव घेतले त्यांच्या कार्यक्रमात हा रोग होता आणि ज्यांनी घेतले त्यांच्या विदर्भातील भाऊबंदांच्या रक्तातही तो होता, हा योग फारसा कोणी नोंदविलेला आमच्या पाहण्यात नाही.

तपासणी वाढली तशी दुसरी बाजूही दिसली. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीने केवळ वाहक असलेल्या तरुणांना १९८१ पर्यंत प्रवेश नाकारला. रोगी नव्हेत, वाहक! रक्ताचा कागद मालकाच्या हाती गेला की तो औषधासाठी वापरला जाईल की नोकरी नाकारण्यासाठी, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

असो. कायद्याबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर घाईही आली. मिशिगनमधील नालबंदियन या डॉक्टराने १९७० च्या सुमारास युरिया शिरेतून देण्यास सुरुवात केली. युरियामुळे हिमोग्लोबिनचे दोर सुटतात असा त्यांचा दावा होता. वर्तमानपत्रांनी गाजावाजा केला. मग अनेक रुग्णालयांनी मिळून नीट तुलना केली आणि १९७४ मध्ये निष्कर्ष निघाला, तो असा की युरियाचा उपयोग नाही. मधल्या काळात सेरामी आणि मॅनिंग यांनी, युरियातून किंचित निर्माण होणारे सायनेट हेच खरे काम करीत असेल, असा तर्क केला. परीक्षानळीत सायनेट छान वागले. पेशींचे विळे होईनात. रोग्यांना तोंडाने दिले तेव्हा काहींच्या हातापायांच्या नसा बधिर झाल्या आणि काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले. ते थांबवावे लागले. परीक्षानळीत अडलेले रक्त मोकळे करणे आणि माणसात मोकळे करणे या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत, याचा हा धडा त्या पिढीला पुरेसा महाग पडला.

याच दशकात ईटन आणि हॉफ्रिख्टर यांनी एक बारीक गोष्ट दाखविली. प्राणवायू सुटल्याबरोबर दोर वळले जात नाहीत. मध्ये थोडा विलंब असतो. तेवढ्या अवधीत पेशी केशवाहिनी ओलांडून फुप्फुसाच्या वाटेला लागली तर विळा होतच नाही. पेशीतले पाणी कमी होऊन हिमोग्लोबिन किंचितही दाटले की हा विलंब झपाट्याने घटतो. भर उन्हात तहानलेल्या मजुराला कळ का येते, याचे उत्तर येथे आहे.

ज्या औषधाने शेवटी पाय रोवले ते या सर्व धामधुमीच्या बाहेरून आले. ब्रुकलिनमधील बालरोगतज्ज्ञ जेनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच पाहिले होते की, या रोगाच्या तान्ह्या मुलांच्या रक्तात विळे कमी दिसतात. गर्भात असताना मुलाच्या रक्तात निराळ्या जातीचे हिमोग्लोबिन असते, जन्मानंतर ते काही महिने टिकते, आणि तोवर मूल सुरक्षित राहते. मग मोठेपणी ते पुन्हा निर्माण करता आले तर? १९८० नंतर हा प्रयत्न प्रथम एका कर्करोगावरील औषधाने झाला. पण तेच औषध कर्करोग निर्माण करील या भीतीने मागे पडले. तेव्हा संशोधकांची नजर हायड्रॉक्सीयुरियाकडे गेली. हे रसायन जर्मनीत १८६९ मध्ये तयार झालेले. जवळजवळ शंभर वर्षे त्याला काही काम नव्हते. १९६० च्या दशकात ते रक्ताच्या कर्करोगावर वापरात आले. १९८४ मध्ये प्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या रोग्यांना ते दिले आणि गर्भातले हिमोग्लोबिन वाढलेले पाहिले.

त्यानंतर मोठी चाचणी झाली, २१ केंद्रांत, २९९ प्रौढ रोग्यांवर. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळते हे रोग्याला ठाऊक नाही आणि डॉक्टरालाही नाही. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की १९९५ च्या जानेवारीत चाचणी मुदतीआधीच थांबविली. पोकळ गोळीवाल्यांना वर्षाला साधारण ४.५ वेळा वेदनांचा झटका येत होता, औषधवाल्यांना २.५ वेळा. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने औषधास मान्यता दिली. त्याच रोग्यांवर नऊ वर्षे लक्ष ठेवले तेव्हा औषध घेणाऱ्यांतील मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. हे औषध रक्त कसे मोकळे करते? गर्भातले हिमोग्लोबिन वाढवून, हे एक. पण पांढऱ्या पेशी कमी करून आणि तांबड्या पेशींचा चिकटपणा घटवूनही. रक्त केवळ ताठर विळ्यांनी अडत नाही, पेशी वाहिनीच्या अस्तराला चिकटतात म्हणूनही अडते, हे हेबेल यांनी १९८० मध्ये दाखविले होते. औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते आणि गरोदरपणात ते टाळावे लागते. तेवढी शिस्त पाळली तर ते वर्षानुवर्षे चालते.

एकविसाव्या शतकात पुन्हा नव्या औषधांची रांग लागली. पोलॉक्झामर १८८ हे पेशींचा पृष्ठभाग निसरडा करणारे द्रव्य. २००१ मध्ये २५५ रोग्यांवरील चाचणीत त्याने झटक्याचा काळ १४१ तासांवरून १३३ तासांवर आणला. आठ तास! तरीही आशा सुटली नाही. पुढे ३८८ रोग्यांवर मोठी चाचणी झाली आणि २०१६ मध्ये कळले की फरक नाही. नायट्रिक ऑक्साइड वायू वाहिन्या रुंदावतो. तो १५० रोग्यांना हुंगविला, २०११ मध्ये उत्तर आले, उपयोग नाही. रक्तबिंबिका चिकटू न देणारे प्रासुग्रेल २०१५ मध्ये मुलांत निरुपयोगी ठरले. क्रिझानलिझुमॅब हे पेशींना अस्तरापासून दूर ठेवणारे इंजेक्शन. १९८ रोग्यांवरील चाचणीत वर्षाचे झटके २.९८ वरून १.६३ वर आले, नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण पुढच्या मोठ्या चाचणीत तो गुण दिसला नाही आणि २०२३ मध्ये युरोपने मान्यता काढून घेतली. त्याच महिन्यात मान्य झालेले व्हॉक्सेलोटर त्याच्या कंपनीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले. डिसेंबर २०२३ मध्ये जनुकांवरच काम करणारे दोन उपचार अमेरिकेत मान्य झाले. एकाची किंमत २२ लाख डॉलर आणि दुसऱ्याची ३१ लाख. शास्त्र म्हणून त्यांस आमचा दंडवत. आमच्या सभासदांशी त्यांचा तूर्त संबंध नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतात हा रोग १९५२ मध्ये नोंदला गेला, आणि त्या वर्षीच्या दोन लेखांपैकी एक नीलगिरीच्या आदिवासींविषयी तर दुसरा वरच्या आसामातील चहामळ्यांच्या मजुरांविषयी होता. मळेवाल्यांनी मध्य आणि पूर्व भारतातून मजूर नेले. त्यांच्या गाठोड्याबरोबर त्यांचे रक्तही गेले. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडील सिकलसेलविषयी लॅन्सेट नियतकालिकात लिहिले. गोंड, परधान, कोरकू, भिल्ल, पावरा, पूर्वीचे महार अशा कित्येक समाजांत हे जनुक आहे. ते अनेक पिढ्या टिकले याचे कारण मलेरिया. वाहकाला त्यापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले. म्हणून या रोगात लाज वाटण्याजोगे काही नाही. सोयरीक मोडण्याच्या भीतीने तो लपविणारी घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आमचा मुख्य मुद्दा यापुढचा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ मुलांवर हायड्रॉक्सीयुरियाची चाचणी घेतली. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्रा अमेरिकेतल्यापेक्षा कमी, वजनाच्या दर किलोस रोज १० मिलिग्रॅम आणि तीही ठरावीक. अठरा महिन्यांनी औषध घेणाऱ्या मुलांचे झटके वर्षाला सरासरी १२ वरून एकाच्याही खाली आले. पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ११ वरून १० वर रेंगाळले. थोडे थांबून या आकड्यांचा विचार करावा. महिन्याला एकदा तडफडणारे मूल शाळेत बसू लागते. पुढे अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा येथील सहाशेहून अधिक मुलांवरही हे औषध सुरक्षित आणि गुणकारी ठरले. म्हणजे गरीब देशात, साध्या दवाखान्यातून, जुने आणि पेटंटबाहेरचे औषध देऊन हे काम होते, हे आता वादापलीकडचे आहे.

होत नाही ते दुसऱ्याच कारणांनी. आमच्या संघटनेतील एक कंत्राटी कामगार दर दीड-दोन महिन्यांनी चार दिवस गैरहजर राही. मुकादमाने त्याच्या नावापुढे कामचुकार असा शेरा मारला होता. निदान झाले, औषध सुरू झाले, झटके कमी झाले. आणि मग नवीच अडचण उभी राहिली. गोळ्या आणि रक्ततपासणी यांसाठी महिन्यातून एक दिवस जिल्ह्याच्या गावी जावे लागे. एसटीचे भाडे, दिवसाचा बुडालेला रोज, आणि वर खाडा. चौथ्या महिन्यात त्याने जाणे सोडले. बरे वाटत होते ना! सातव्या महिन्यात तो स्ट्रेचरवरून रुग्णालयात गेला. या गोष्टीत रसायनशास्त्राचा पराभव कोठेच नाही.

पाण्याचेही तसेच. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १८ व्या कलमाने पिण्याच्या पाण्याची सोय सक्तीची केली होती आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात गार पाणीही. ते कलम लिहिणाऱ्यांच्या मनात सिकलसेल नसेल, पण मघाशी सांगितलेला विलंबाचा नियम आठवला तर मे महिन्यातील चंद्रपूरला या रोग्यासाठी पाण्याचा माठ आणि सावलीतली विश्रांती हे रक्त वाहते ठेवण्याचेच साधन आहे. वीटभट्टीवर आणि रस्त्याच्या कामावर मात्र त्या कायद्याचे कलम पोचलेच नाही.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत सिकलसेल धरला गेला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. परंतु त्याच २०१६ च्या कायद्यात सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागा ज्या प्रकारांना दिल्या, त्या यादीत सिकलसेल नाही. शिक्षणाच्या जागांत तो आहे, नोकरीच्या नाही. मुलगा शिकावा हे कायद्याला मान्य आहे. शिकून त्याने काय करावे याविषयी कायदा गप्प आहे.

तपासणीचे कागद वाटले जात आहेत, आणि ते वाटले जावेतच. कागदावर ‘वाहक’ लिहिलेल्या माणसाला कामावर घेताना अडविता येणार नाही, अशी लेखी हमी आम्ही मागितली आहे. दुसरी मागणी रक्ततपासणीच्या आणि औषध आणण्याच्या दिवसाची भरपगारी रजा, महिन्यातून एक. आमच्या संघटनेच्या चालू मागणीपत्रकात ती अकरावी आहे. मालकपक्षाने पहिल्या दहांवर बोलणी केली आहेत. अकरावीवर पुढच्या बैठकीत बोलू असे सांगितले आहे.